इंग्रजी पत्राचा मायना आणि शेवट जोडीनेच ठेवा

ऑफिसचं इंग्रजी पत्र लिहिताना मजकूर पटकन होतो, पण वर काय, खाली काय आणि कॅपिटल कुठे, यावर दरवेळी अडायला होतं. मी दोन जोड्या ठरवून टाकल्या आहेत.

१. नाव माहीत नसेल तर वर ‘डिअर सर ऑर मॅडम’, खाली ‘युअर्स फेथफुली’.

२. नाव माहीत असेल तर ‘डिअर मिस्टर कुलकर्णी’, खाली ‘युअर्स सिन्सिअरली’. मिस्टरपुढे आडनावच हवं. ‘मिस्टर संजय’ आपल्याकडे सर्रास लिहितात, पण ते चूकच. बाईंसाठी ‘मिझ’ (स्पेलिंग एम-एस) लिहा, म्हणजे लग्न झालंय का हा प्रश्नच उरत नाही.

३. मायन्यात ‘डिअर’, ‘सर’, ‘मॅडम’, आडनाव, सगळ्यांचं पहिलं अक्षर कॅपिटल. शेवटी मात्र फक्त पहिल्या शब्दाचं: ‘युअर्स’मधला वाय मोठा, ‘फेथफुली’चा एफ लहान. चुका नेमक्या इथेच होतात. ‘बेस्ट रिगार्ड्‌स’लाही हाच नियम.

४. मायन्यानंतर स्वल्पविराम दिला तरी पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर कॅपिटलच.

दोन्ही जोड्या जीमेलच्या टेम्प्लेटमध्ये सेव्ह करून ठेवा. आणि कॅप्स लॉक चालू राहून वर्डमध्ये अख्खा परिच्छेद मोठ्या अक्षरांत उमटला, तर पुन्हा टाइप करत बसू नका. तो सिलेक्ट करून शिफ्ट धरून एफ-थ्री दाबत राहा, अक्षरं बदलतात. मग नावं आणि ‘जीएसटी’सारखी लघुरूपं तेवढी तपासा.

एक जपा: किरण, शशी, सुमन अशा नावांवरून बाई की पुरुष याचा अंदाज बांधू नका. सरळ ‘डिअर किरण जोशी’ लिहा.