घरी पपी पार्टी, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना एकमेकांची सवय व्हावी म्हणून छोटंसं गेट-टुगेदर, ठेवताय? मग हे बघा
पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असतं तेव्हाच त्याला जगाची ओळख करून द्यायची, सगळी इंजेक्शनं होईपर्यंत थांबलात तर तो काळ हातचा जातो. म्हणून पहिला डोस होऊन किमान ७ दिवस झालेली, जंताचं औषध दिलेली पिल्लंच बोलवा आणि जागा टेकडी किंवा बाग अजिबात नको, पार्वो (पिल्लांसाठी जीवघेणा विषाणू) मातीत महिनोन्महिने टिकतो, फ्लॅटचा हॉल बेस्ट, फरशी आधी ब्लीचच्या पाण्याने पुसून, सुकवून घ्या.

चार-पाच पिल्लं बास. एखादं सोफ्याखाली घुसलं तर ओढू नका, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाकत राहा, येतं आपणहून.

मोठ्या आवाजाची सवय व्हावी म्हणून मोबाईलवर ढोल-ताशा एकदम हळू लावा आणि खाऊ देत देत थोडा थोडा वाढवा, पेठेत राहत असाल तर हे गणपतीच्या बरंच आधी कराच. तासाभरात आवरा, दमलेली पिल्लं जास्त चावतात.