मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर घरी आल्यावर या चुका टाळा

मज्जारज्जूला, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मुख्य नसेला, इजा झालेला माणूस दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा सगळं घर त्याच्या दिमतीला उभं राहतं. पहिली चूक बहुतेक तिथेच होते. हात शाबूत असलेल्या माणसाला शर्ट घालायला वीस मिनिटं लागतात, बायको दोन मिनिटांत घालून देते. आईला त्याची धडपड बघवत नाही. असे काही महिने गेले की त्याचे खांदे-दंड कमजोर होतात आणि ‘मला हे जमणार नाही’ हे त्याला स्वतःलाच पटायला लागतं. पलंगावरून व्हीलचेअरवर जाणं हे शिकायचं कसब आहे: खुर्ची तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पलंगाच्या कडेला सरकायचं, पुढे झुकून भार हातांवर घ्यायचा आणि ढुंगण फरफटू न देता उचलून न्यायचं. पलंग आणि खुर्चीची उंची सारखी असली तर निम्मं काम सोपं होतं. घरच्यांनी शेजारी उभं राहावं, हात मागितला तरच द्यावा.

‘चालायला लागला की बघू’ म्हणून घरातले बदल पुढे ढकलणं ही दुसरी चूक. व्यायाम चालू ठेवाच, पण बाथरूमचा दरवाजा आजच मोजा. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये तो बऱ्याचदा इतका अरुंद असतो की खुर्ची आत जात नाही, आणि मग धडधाकट हातांच्या माणसाची आंघोळ पलंगावर होते. रॅम्पला एक फूट उंचीमागे बारा फूट लांबी हवी. घाईने बांधलेला उभा उतार माणसाला पाडतो. चालण्याच्या याच आशेपोटी काही घरं शेत विकून स्टेम सेलच्या (मूलपेशींच्या) इंजेक्शनांवर पैसे घालतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी हा मान्य उपचार नाही. त्या पैशांत खुर्चीत बसायची चांगली उशी, मापाची व्हीलचेअर आणि बाथरूम, तिन्ही होऊन पैसे उरतील.

लघवीचा त्रास नको म्हणून पाणी कमी पिणं ही लग्नकार्याला किंवा प्रवासाला निघताना हमखास होणारी चूक. त्यातून जंतुसंसर्ग होतो, मुतखडे होतात. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या वेळेला, साधारण दर चार ते सहा तासांनी, कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घाला. तो स्वतः घालायला शिका. माणूस घराबाहेर किती वेळ राहू शकेल, हे पायांपेक्षा या एका गोष्टीवर जास्त ठरतं. शौचाची वेळही रोज एकच ठेवा, शक्यतो खाल्ल्यानंतरची.

इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर एक धोका घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा. अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला तर आडवं करू नका. ताठ बसवा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का, मूत्राशय किंवा पोट तुंबलंय का ते बघा. रक्तदाब धोकादायक वाढलेला असू शकतो. लगेच आराम पडला नाही तर तातडीने दवाखाना गाठा.

संवेदना नसलेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. एकच पाय सुजला तर तो चोळू नका, आत रक्ताची गाठ असू शकते, डॉक्टरांना दाखवा. सकाळ-संध्याकाळ आरशाने माकडहाडाची त्वचा बघा, आणि दाबून न जाणारा लालपणा दिसला तर त्या जागेवर भार देणं थांबवा. एकाच जागी दाब पडून होणारी जखम, म्हणजे बेडसोर, भरायला महिने जातात. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा कडेला झुकून भार हलवायचा.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान तिथेच होतं. दिवसभर कॅथेटर आणि डायपर बघणारी बायको रात्री परिचारिकाच राहते. ही कामं जमतील तितकी त्यानेच करावीत, उरलेल्यांसाठी मदतनीस ठेवता आला तर ठेवावा. रुग्ण ती स्वतः असेल, तर ‘तुझं बघतो आम्ही’ म्हणत तिचा संसार सासू-नणंदेच्या हाती परस्पर सोपवू नका. डबा, भाजी, मुलांचा अभ्यास याचे निर्णय खुर्चीतूनही घेता येतात. शरीरसंबंध संपले असंही गृहीत धरू नका. बायकांची पाळी बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होते आणि गर्भधारणा होऊ शकते, त्यामुळे नको असेल तर गर्भनिरोधकाचं आधीच विचारून घ्या. पुरुषांना मूल होण्यासाठी वैद्यकीय मदत लागू शकते, ती उपलब्ध आहे. पुढच्या तपासणीला दोघांनी मिळून जा आणि डॉक्टरांनी विषय काढायची वाट न बघता तुम्हीच विचारा.