गाऱ्हाण्यापासून सुरुवात: रोजच्या जगण्यात ख्रिस्ती धीर कसा शोधावा

सकाळी मोबाइलवर आलेले बायबलमधील एखादे वचन वाचून दिवसभर मनाला उभारी राहील, अशी अपेक्षा अनेक जण बाळगतात. प्रत्यक्षात दुपारी वरिष्ठांनी चार शब्द सुनावले की ते वचन आठवतही नाही. दोष वचनाचा नसतो. मागचे-पुढचे न पाहता उचललेले वाक्य कानाला गोड लागते, पण अडचणीच्या वेळी त्याचा आधार वाटत नाही. म्हणून पहिली सवय अशी लावावी की आवडलेले वचन ज्या अध्यायात आहे, तो अध्याय सबंध वाचावा.

बायबलमधील यिर्मयाच्या पुस्तकातले 29:11 (अध्याय 29, वचन 11) हे याचे चांगले उदाहरण आहे. देवाचे संकल्प हिताचे आहेत आणि ते आशा देणारे आहेत, अशा अर्थाचे हे वचन परीक्षेच्या शुभेच्छांपासून लग्नपत्रिकेपर्यंत सर्वत्र छापले जाते. मुळात ते यरुशलेमेहून बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात आहे, आणि त्याच्या आधीचेच वचन सुटकेला 70 वर्षे लागतील असे सांगते. तोवर काय करायचे, तेही पत्रात आहे: घरे बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. सावंतवाडी किंवा बेळगावहून येऊन गोव्यातील वेर्ण्याच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या आणि भाड्याच्या खोलीत ‘हे कधी संपणार’ म्हणून दिवस मोजणाऱ्या माणसाला सुट्या वचनापेक्षा हे पत्र अधिक उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: धीर मागण्याआधी गाऱ्हाणे मांडावे. श्रद्धावंताने कुरकुर करू नये असे आपल्यावर इतके बिंबवलेले असते, की प्रार्थनेतसुद्धा आपण सभ्यपणे खोटे बोलतो. बायबलमधील स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे मात्र सरळ तक्रारीची आहेत. गोव्याच्या देवळांत गाऱ्हाणे घालताना भक्ताचे नाव, गाव, संकट सारे देवापुढे मोठ्याने उच्चारले जाते. स्तोत्रकर्ताही तितक्याच मोकळेपणाने बोलतो. तेराव्या स्तोत्रात तो आरंभीच ‘कुठवर’ असा प्रश्न चारदा विचारतो, आणि अवघ्या सहा वचनांच्या त्या स्तोत्राचा शेवट भरवशाने करतो. आपणही एका कागदावर काय घडले, कशाची भीती वाटते आणि नेमके काय हवे, हे घरात जी भाषा बोलतो तिच्यात लिहावे. ‘मला शांती दे’ असे मोघम न लिहिता ‘मुलाची फी भरायची आहे आणि पगार थकला आहे’ असे लिहावे. मग ते तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचावे. तरीही मन हलके झाले नाही, तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घ्यावे. त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि तरीही ते शास्त्रातून कोणी काढून टाकलेले नाही.

वेळेचा प्रश्न गोव्यात तुलनेने सोपा आहे, कारण येथे दुपारी आणि तिन्हीसांजेला चर्चची आंजेलाची, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेची, घंटा होते. म्हापशाच्या बाजारात अबोलीचे गजरे ओवणारी बाई ती ऐकून सुई तशीच धरून क्षणभर थांबते, क्रूसाची खूण करते आणि पुन्हा गिऱ्हाइकाशी बोलू लागते. एवढेच पुरे. घंटा ऐकू आली की एका अडचणीतल्या माणसाचे नाव मनात घ्यावे. स्वतःच्या चिंतेचे आकारमान त्यामुळे बरेचदा आपोआप आटोक्यात येते.

रात्रीसाठी जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सांगितलेले आत्मपरीक्षण आहे. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात आले, त्यामुळे ही पद्धत येथे परकी नाही. झोपण्यापूर्वी दहाएक मिनिटे बसावे, आधी दिवसातील एका नेमक्या गोष्टीबद्दल आभार मानावेत, मग सकाळपासूनचा दिवस डोळ्यांपुढून न्यावा, जिथे आवाज चढला तिथे थांबून क्षमा मागावी, आणि उद्यासाठी एकच काम ठरवावे. रोज जमलेच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नये.

वाचनासाठी मराठी माणसाला दूर जावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील राशोल येथे छापले गेले, आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंगही आहेत. ओव्या मनात वाचण्यापेक्षा म्हणाव्यात. आपले कष्ट वाया चालले आहेत असे वाटत असेल, तर गोव्यातील बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेल्या संत जोसेफ वाझ यांचे चरित्र वाचावे. डच सत्तेने कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातलेल्या श्रीलंकेत ते 1687 मध्ये वेष बदलून शिरले, कँडीत हेरगिरीच्या संशयावरून कैदेत पडले, आणि पुढे त्याच कँडीत देवीच्या साथीत त्यांनी रुग्णांची सेवा केली.

एकट्याने हे सारे करता येते, पण फार काळ नाही. मे महिन्यात रस्त्याकडेच्या खुरसाजवळ (क्रूसाजवळ) लदीन, म्हणजे सामूहिक गायनप्रार्थना, होते, तिथे जाऊन उभे राहावे. कोंकणी पाठ नसली तरी पुन्हा पुन्हा येणारी प्रतिसादाची ओळ दोन-तीनदा ऐकली की जमते. लदीन संपल्यावर हातात उकडलेले चणे पडतात, आणि कोणाचा मुलगा बोटीवरून परतला, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे कळते ते त्या चण्यांबरोबर. वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायाच्या बैठकीचेही तसेच आहे. तिथे उपदेश थोडा कमी आणि विचारपूस थोडी जास्त झाली तर उत्तमच.

आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ प्रार्थनेवर विसंबून राहू नये आणि डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे असेही मानू नये. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, असे पौलाच्या पत्रातच आहे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. तो आपल्या पाद्रीबाबांच्या क्रमांकाशेजारीच लिहून ठेवावा.