जुन्या पार्ट्सचा कॉम्प्युटर जोडताय? पहिला करंट देण्याआधी या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात घराघरातले माळे साफ व्हायला लागतात आणि पितळेची भांडी, जुनी पेटी, बांबूच्या पाट्या यांच्यासोबत कोपऱ्यात पडलेला पिवळट कॅबिनेटपण खाली येतो. आपल्याकडे असे सेट बरेच आहेत, कारण सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना डेस्कटॉप मिळालेले आणि ते कॉलेज संपल्यावर माळ्यावर गेले ते गेलेच. मग कुणाला तरी वाटतं की यातले चांगले पार्ट काढून एक मस्त विंडोज ९८ वाली मशीन बनवूया, सीआरटी मॉनिटर, बॉलचा माउस, सगळं तसंच. कल्पना एकदम भारी आहे, मला मनापासून आवडते, म्हणूनच हे लिहितोय. कारण मी बघतो की वीस-वीस वर्षं माळ्यावर टिकलेले पार्ट आपल्या हातात आले की पहिल्या पाच मिनिटांत जातात. वयाने नाही जात, घाईने जातात. प्लग लावला, बटण दाबलं, बघूया चालतोय काय, आणि फट्!

पावसात खाली काढला आणि पावसातच चालू केला

चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे हवा खूप दमट असते तेव्हाच. जिथे कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथे मदरबोर्ड एका रात्रीत वाळेल कसा? त्यात कळंगुट, कोलवा अशा किनाऱ्याजवळच्या घरात हवेतलं मीठपण बसलेलं असतं, ते ओल धरून ठेवतं आणि पिनांना गंज चढवतं. त्यामुळे मशीन खाली काढली की आधी पूर्ण उघडा, रॅम, कार्ड, केबल सगळं वेगळं करा, धूळ मऊ ब्रशने काढा आणि बोर्ड दोन-तीन दिवस पंख्याखाली नाहीतर एसीच्या खोलीत ठेवा. रॅमचे आणि कार्डचे सोनेरी पट्टे साध्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. "रॅम गेली" म्हणून टाकून दिलेल्या कितीतरी रॅम नुसत्या एवढ्याने चालू होतात.

उघडताना आत नीट बघा. एसएमपीएसच्या, म्हणजे लायटीची वीज कमी व्होल्टवर आणून सगळ्या पार्टना देणाऱ्या डब्याच्या, जाळीतून पाली आत शिरतात, अंडी घालतात, कधी कधी आतच मरून पडलेल्या असतात, मुंग्यांची घरं असतात. ही वस्तू हाय व्होल्टेजच्या भागावर पडलेली असली आणि आपण करंट दिला की शॉर्ट. फक्त एक लक्षात ठेवा, ज्याला एसएमपीएसच्या आतलं कळत नाही त्याने तो उघडू नये, कारण प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. ओळखीच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडे घेऊन जा, त्याला हे रोजचं आहे.

एसएमपीएस थेट बोर्डाला जोडणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा मागचा छोटा लाल स्विच बघा, ज्याच्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. तो २३० वरच पाहिजे. ११५ वर असताना आपल्या लायटीला लावला तर आतले कॅपॅसिटर मोठा आवाज करून फुटतात. मग बोर्डाला न जोडता नुसता एसएमपीएस तपासा. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बल्बचा बोर्ड असतो, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावलेला, त्याच्यातून पहिला करंट द्या. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, फुल पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, तिथेच थांबा. हे पास झालं की बल्ब काढून थेट लायटीवर लावा, एटीएक्स प्रकारच्या एसएमपीएसच्या, बोर्डाला जाणाऱ्या २० पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्यापण काळ्या वायरीला जोडली की तो चालू होतो, लोड म्हणून एखादी बिनकामाची हार्डडिस्क लावा, काही जुने एसएमपीएस लोडशिवाय सुरूच होत नाहीत. आता मल्टिमीटर लावून बघा, लाल वायर ४.७५ ते ५.२५ मध्ये, पिवळी ११.४ ते १२.६ मध्ये, केशरी ३.१४ ते ३.४७ मध्ये पाहिजे. याच्या बाहेर आलं तर तो एसएमपीएस बोर्डाजवळ नेऊच नका.

मग लोक म्हणतात की जुना कशाला, नवीनच घेतो. चांगला विचार आहे, पण नवीन एसएमपीएसची सगळी ताकद १२ व्होल्टवर असते, आणि पेंटियम ३ किंवा जुन्या अ‍ॅथलॉनचे बोर्ड सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची) पॉवर ५ व्होल्टवरून घेतात. ४ पिनचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर बोर्डावर नसेल तर बहुतेक वेळा तुमचा बोर्ड या प्रकारातला. अशा वेळी वॅटचा मोठा आकडा बघून भुलू नका, लेबलवर ५ व्होल्टचे अ‍ॅम्पियर किती ते वाचा. मशीन विंडोज लोड होताना नाहीतर गेम सुरू केल्यावर रिस्टार्ट होत असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

एटीएक्सच्या आधीच्या एटी प्रकारचा कॅबिनेट असेल तर दोन गोष्टी. बोर्डाला जाणारे पी८ आणि पी९ हे दोन कनेक्टर शेजारी-शेजारी लावताना काळ्या वायरी मधे, एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत, उलटे लावले तर बोर्ड गेला. आणि समोरच्या बटणापर्यंत ज्या चार जाड वायरी येतात त्यांच्यात थेट २३० व्होल्ट असतात, टेप निघालेली असेल तर हात लावू नका.

आणि अर्थिंग! जुन्या घरात दोन पिनांचे सॉकेट असतात, तीन पिनांचा प्लग अ‍ॅडॅप्टर लावून घुसवला की कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. आतल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसताना बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. मशीन खराब नाही, सॉकेट खराब आहे, ते आधी नीट करून घ्या, आणि मे-जूनमध्ये गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा.

बॅटरी आणि कॅपॅसिटर न बघणे

पेंटियमच्या आधीच्या ३८६-४८६ प्रोसेसरच्या बोर्डांवर कीबोर्डच्या सॉकेटजवळ निळ्या नाहीतर हिरव्या रंगाची नळीसारखी बॅटरी असते, निकेल-कॅडमियमची. ती जवळजवळ नेहमीच लीक झालेली असते. टॉर्च मारून बघा, तिच्या पायांजवळ हिरवट-निळी पूड दिसेल, आणि त्याच्याखालच्या बारीक तांब्याच्या रेषा काळ्या पडलेल्या असतील. ही गळती अल्कलीची, म्हणून आधी बॅटरी कापून काढा, ग्लोव्ज घालून तिथे पांढरा व्हिनेगर कापसाने लावा, फेस यायचा थांबला की डिस्टिल्ड वॉटरने आणि मग अल्कोहोलने साफ करा. आपल्या स्वयंपाकघरातला माडाचा व्हिनेगर नको, त्याच्यात गाळ असतो, बाजारात मिळणारा पांढराच घ्या. नंतरच्या बोर्डांवर गोल सीआर२०३२ असते, ती संपली की तारीख मागे जाते आणि "सीएमओएस चेकसम एरर" येतो. काळजीचं काही नाही, पन्नास-शंभर रुपयांत नवीन सेल घाला.

कॅपॅसिटरचं मात्र गांभीर्याने घ्या. साधारण १९९९ ते २००७ या काळात खराब इलेक्ट्रोलाईटचे कॅपॅसिटर जगभरातल्या बोर्डांवर लागले, आणि आपल्याकडचे माळ्यावरचे बहुतेक सेट त्याच काळातले. सीपीयूच्या बाजूला जे उभे डबे असतात त्यांचा माथा सपाट पाहिजे. फुगलेला असेल, तपकिरी पापुद्रा आलेला असेल तर चालू न करता बदलून घ्या. बदलताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढा नाहीतर जास्त, १०५ डिग्रीवाला आणि लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला), आणि मायनसची पट्टी कुठे होती त्याचा आधी फोटो काढून ठेवा.

एका मशीनमध्ये सगळा जमाना घुसवणे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताना किंवा भंगारवाल्याकडे जे दिसेल ते उचलायचा मोह होतो, ते मी समजू शकतो. पण आधी काळ ठरवा. डॉसचे गेम पाहिजेत तर पेंटियम एमएमएक्सपर्यंत आणि आयएसए (जुन्या लांब स्लॉटचं) साउंड कार्ड. विंडोज ९८ पाहिजे तर पेंटियम ३ आणि एजीपी (डिस्प्लेच्या खास स्लॉटचं) कार्ड. एक्सपी पाहिजे तर पेंटियम ४ नाहीतर त्याच्या पुढचं. वेगवान सीपीयूवर डॉसची कामं जास्त मस्त होतील असं वाटतं, होत नाही, टर्बो पास्कलमध्ये बनवलेले कितीतरी प्रोग्राम साधारण २०० मेगाहर्ट्झच्या वर गेलात की "रनटाईम एरर २००" देऊन बंद पडतात.

एजीपीत खास लक्ष द्या. सुरुवातीची कार्डं ३.३ व्होल्टची, ४एक्स (चौपट वेगाची) आली ती १.५ व्होल्टवर. इंटेल ८४५ चिपसेटचे (बोर्डावरच्या मुख्य चिपांच्या संचाचे) बोर्ड फक्त १.५ व्होल्टचे, आणि जुनी काही कार्डं खाच चुकीची कापल्यामुळे त्यांच्यात बसतात, बसलं म्हणजे चालतं असं नाही, बोर्ड जळतो. कार्डाच्या मॉडेलवरून व्होल्टेज शोधा आणि मगच लावा.

रॅमचंपण तसंच. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डाला २५६ एमबीची एसडीरॅम लावली आणि १२८ च दिसते, तर रॅम बिघडलेली नाही, तिच्यावर आठच मोठ्या क्षमतेच्या चिप आहेत आणि चिपसेटला त्या पूर्ण वाचता येत नाहीत. सोळा चिपवाली घ्या. आणि विंडोज ९८ ला जास्त रॅम दिली की ती पळेल हा गैरसमज, ५१२ एमबीच्या वर गेलात तर "आउट ऑफ मेमरी" येऊ शकतं. सिस्टिम डॉट आयएनआय या विंडोजच्या सेटिंगच्या फाईलमध्ये व्हीकॅशखाली मॅक्सफाईलकॅशची मर्यादा घातली की सुटतं, पण सरळ २५६ ठेवा, त्या काळाला भरपूर झाली.

कॅबिनेटमध्ये सगळं बसवून मग चालू करणे

आधी बोर्ड बाहेर, लाकडी टेबलावर नाहीतर पुठ्ठ्यावर. चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीवर ठेवून चालू करू नका, ती बाहेरून करंट वाहते. फक्त सीपीयू, हीटसिंक, एक रॅम, डिस्प्ले कार्ड आणि छोटा स्पीकर लावा. स्पीकर विसरू नका, तोच तुमच्याशी बोलणार आहे. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये (बायोस म्हणजे बोर्डावरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) एक लांब दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्ड, सतत बीप वाजत राहिला तर बहुतेक रॅम. काहीच आवाज नाही, पंखा फिरतोय, तर सीपीयू, बोर्ड नाहीतर बायोस, आणि तिथे पीसीआय स्लॉटमध्ये लावायचं पोस्ट कार्ड (मशीन सुरू होतानाची तपासणी, म्हणजे पोस्ट, कुठे अडली ते दाखवणारं) फार कामी येतं, दोन आकडी कोड दाखवतं.

हीटसिंक काढताना ओढू नका. सॉकेट ४७८ मध्ये (पेंटियम ४ च्या बोर्डांवर) पेस्ट सुकून सिमेंट झालेली असते, सीपीयू लॉक असतानाच उपटून वर येतो आणि पिना वाकतात. हेअर ड्रायरने जरा गरम करा, हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, मग उचला. आणि जुना अ‍ॅथलॉन हीटसिंकशिवाय "एक सेकंद चालू करून बघतो" म्हणाल तर तेवढ्यातच जाईल.

इथपर्यंत झालं की ड्राइव्ह जोडा. फ्लॉपीचा दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी आहे. हार्डडिस्क दिसत नसेल तर जंपर (डिस्कच्या मागच्या पिनांवरची छोटी टोपी) बघा, एका केबलवर एक मास्टर (पहिली) आणि एक स्लेव्ह (दुसरी) पाहिजे, दोन मास्टर झालेत काय. ८० वायरींच्या केबलचं निळं टोक बोर्डाला, काळं मास्टरला, मधलं करडं स्लेव्हला. मोठी डिस्क लावून पोस्टवरच हँग झालं तर बायोसची मर्यादा आलीय, कुठे ८.४ जीबीला अडतं, कुठे ३२ ला, आणि विंडोज ९८ च्या स्वतःच्या ड्रायव्हरवर १३७ जीबीच्या पुढे गेलात तर डेटा खराब होतो, एरर न देता. मी तर म्हणतो आयडीई (जुन्या हार्डडिस्कच्या रुंद केबलचा) अ‍ॅडॅप्टर घेऊन सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड लावा, आवाज नाही, उष्णता नाही, आणि ओलीत जाम व्हायला फिरणारा भागच नाही.

जुनी डिस्क फॉरमॅट करणे

कृपा करून हे करू नका. निदान आधी तिची पूर्ण इमेज (जशीच्या तशी कॉपी) काढा, आयडीई टू यूएसबी अ‍ॅडॅप्टर वेगळ्या १२ व्होल्टच्या सप्लायसकट मिळतो, नवीन मशीनवर जोडून कॉपी करा, आणि डिस्क कटकट करायला लागली तर पुन्हा पुन्हा चालू करून बघत बसू नका. भंगारातून आलेल्या डिस्कवर दुसऱ्या कुणाचं खासगी निघालं तर न बघता पुसून टाका. पण घरची असेल तर तिच्यावर काय असेल सांगता येत नाही, मुंजीचे फोटो, आजोबांनी टाईप केलेली पत्रं, आणि आपल्याकडे तर जत्रेला उभ्या राहिलेल्या नाटकांच्या संहिता, ज्या बाकी कुठेच छापलेल्या नाहीत.

अशी फाईल उघडली आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा दिसला म्हणून फाईल करप्ट समजू नका. विंडोज ९८ च्या काळात देवनागरी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरांची मांडणी) टाईप होत नव्हती, श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या सॉफ्टवेअरचे स्वतःचे फॉन्ट असायचे आणि प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये तो फॉन्ट बहुतेक पडलेला असतो, तो आधी कॉपी करा, फाईलमध्ये वापरलेल्या फॉन्टचं नाव बघा आणि त्या फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर शोधा. कन्व्हर्ट झाल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नजरेखालून घाला, सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मूळ फाईल तशीच ठेवा, फॉन्टसकट, आणि युनिकोड कॉपी ज्या मंडळाचं ते नाटक आहे त्यांच्याकडे पोचवा.