तेलकट टाळूला रात्रभर तेल? नको रे बाबा

नखाने टाळू खरवडली की पांढरट चिकट थर निघतो ना, त्यावर अजून तेल थापून झोपू नका, आयुर्वेदातही खालित्य म्हणजे केस गळणं सांगताना कफ केसांची मुळं बंद करतो असंच म्हटलंय. त्यापेक्षा 5-6 रिठे बिया काढून, मूठभर शिकेकाईच्या शेंगा आणि थोडी आवळकाठी रात्री भिजत घाला, सकाळी उकळून, कुस्करून फडक्याने गाळा आणि त्या पाण्याने केस धुवा. रिठ्यातल्या सॅपोनिनने फेस येतो नि तेल सुटतं, शॅम्पूएवढा फेस मात्र नाही हं. आठवड्यातून 2 वेळा बास. डोळे घट्ट मिटा, जाम झोंबतं! दिवसाला 50-100 केस गळणं नॉर्मलच, पण गोल चट्टा पडला तर काढा बिढा सोडा आणि सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जा.