तापवताना प्रवाळ तडकत होतं, शेवटी जमलं

फ्लोरिडात राहतो, इथल्या नद्यांमधे अकीक (गारगोटीच्या जातीचा दगड) झालेलं जुनं प्रवाळ सापडतं, १९७९ पासून तोच राज्याचा अधिकृत दगड आहे. तापवलं की आतल्या लोहामुळे पिवळट रंग गुलाबी-लाल होतो म्हणून पहिला घाणा सरळ भट्टीत टाकला आणि अर्धे तुकडे फुटले, फार वाईट वाटलं!! आतल्या पाण्याची वाफ होते ना, ती दगड फोडते. मग पातळ चकत्या कापल्या, कोरड्या वाळूत पुरल्या, दोन दिवस ९५ डिग्री सेल्सिअसलाच ठेवल्या, नंतर तासाला १०-१५ डिग्री वाढवत २६० पर्यंत नेलं, तिथे चार तास. आणि थंड होईपर्यंत दार अजिबात उघडायचं नाही, मी पूर्ण दिवस हात लावला नाही. यावेळी एकही तडकली नाही, फुलांसारखी नक्षी काय सुंदर उठलीय!