चार जुन्या लेन्स आणि एक धुरकट

बाबांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा त्यांचा पेंटॅक्स के १००० चामड्याच्या केससकट माळ्यावर गेला. लेन्स तेवढी काढून त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि झाकणाला चिकटपट्टी. त्यावरून वेंगुर्ल्याचे १८ पावसाळे गेले. माळा साफ करायला मी चढलो तेव्हा केसवर हिरवट-पांढरी बुरशी, कॅमेऱ्याचं शटर जाम, आणि डब्यातली ५० मिलिमीटर एफ १.७ लेन्स मात्र काल दुकानातून आणल्यासारखी. तिथून मला जुन्या लेन्स जमवून त्यांची तुलना करायचं वेड लागलं. आता घरात जुन्या पाच लेन्स आहेत. बायको मोजते, म्हणून आकडा नक्की माहीत आहे.

त्या अशा: बाबांची एसएमसी पेंटॅक्स-एम ५० एफ १.७, एक सुपर टाकुमार ५० एफ १.४, एक रशियन हेलिऑस ४४-२ म्हणजे ५८ एफ २, आणि कॅनन न्यू एफडी ५० एफ १.४ च्या दोन. दोन का, ते पुढे येईल. पहिला आकडा फोकल लेंग्थचा, मिलिमीटरमध्ये; एफचा आकडा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा: आकडा लहान तितकं छिद्र मोठं. कॅमेरा सोनी अल्फा ७ मार्क २, सेकंडहँड.

ह्या लेन्स अजून स्वस्तात मिळतात त्याचं कारण साधं आहे. फिल्मच्या काळात एसएलआर (लेन्समागे आरसा असलेला कॅमेरा) घेतला की बहुतेक वेळा पन्नासची लेन्स सोबतच यायची, त्यामुळे त्या ढिगाने बनल्या. आणि आजच्या मिररलेसवर त्या बसतात, कारण मधला आरसा गेला. टाकुमार-हेलिऑसच्या एम४२ आणि पेंटॅक्सच्या के माउंटला (लेन्स बसते ती बैठक) तिथून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर लागतं, कॅनन एफडीला ४२. सोनीत सेन्सर १८ मिलिमीटरवरच आहे. उरलेलं अंतर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर. त्यात काच नसते, नसावी. तुमच्याकडे कॅननचा जुना डीएसएलआर (डिजिटल एसएलआर) असेल तर एफडीच्या नादी लागू नका. त्याचं अंतर ४४ आहे, म्हणजे आधीच २ मिलिमीटर जास्त. काचेच्या अडॅप्टरशिवाय लांबचं फोकस होत नाही.

आता मुद्द्याचं. तुलना करण्याआधी टॉर्च घ्या. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, लेन्सच्या मागून तिरका प्रकाश टाका आणि पुढून बघा. मग उलटं करा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस. काचेवर फुंकर मारल्यासारखा सरसकट धूसरपणा म्हणजे हेझ. कडेला इंद्रधनुष्यासारखी चमक असेल तर दोन काचांमधला जोड सुटत चाललाय. चार धुळीचे कण आणि एखादा बारीक ओरखडा सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, पाती चटकन मिटतात का, तेही बघा.

हे मी सांगतोय कारण पहिल्या कॅननच्या वेळी मी ते केलं नाही. विकणाऱ्याने फोटो सुरेख पाठवले होते, सगळे पुढून काढलेले. कुरिअर उघडलं, लेन्स चकचकीत. संध्याकाळी बंदरावर गेलो तर प्रत्येक फोटोत दूध सांडलेलं. टॉर्च मारला तेव्हा अ‍ॅपर्चरच्या मागच्या काचेवर हेझ. फोन केला तर म्हणाला, ‘तुमच्याकडच्या हवेने झालं असेल.’ दोन दिवसांत! पैसे गेले ते गेलेच. नंतर त्याच मॉडेलची एक स्वच्छ लेन्स कुडाळच्या एका बंद झालेल्या स्टुडिओतून मिळाली. धुरकट मात्र मी टाकली नाही. तुलनेत तिच्याइतका उपयोग कुणाचाच झाला नाही.

कॅमेऱ्यात आधी दोन गोष्टी करा. जुन्या लेन्सला इलेक्ट्रॉनिक संपर्क नाही, त्यामुळे लेन्स लावलीच नाही असं कॅमेऱ्याला वाटतं आणि शटर उडत नाही. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा. मग स्टेडीशॉटमध्ये, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये, फोकल लेंग्थ हाताने भरा: ५०, आणि हेलिऑससाठी ५८ च्या जवळचा आकडा. चुकीचा आकडा राहिला तर स्टॅबिलायझरच फोटो हलवतो. ट्रायपॉडवर तो बंदच ठेवा.

अ‍ॅपर्चरचं प्रत्येकीचं तंत्र निराळं. टाकुमारवर ऑटो-मॅन्युअलचा खटका असतो, तो मॅन्युअलवर हवा. हेलिऑसला दोन रिंगा, एक आकडा ठरवणारी आणि दुसरी प्रत्यक्ष उघडझाप करणारी. पेंटॅक्स सरळ. कॅननच्या अडॅप्टरवर एक रिंग असते, ती ‘लॉक’कडे फिरवली नाही तर लेन्सची रिंग कितीही फिरवा, पाती हलतच नाहीत. माझी अख्खी एक सकाळ ह्यात वाया गेली, १.४ पासून ८ पर्यंतचे सगळे फोटो सारखेच मऊ. कॅमेरा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) ठेवा आणि शटरकडे लक्ष द्या. १.४ वरून २ वर आलात की १/२००० चं १/१००० व्हायला हवं. झालं नाही तर काहीतरी अडकलंय.

आता भिंत. शार्पनेस बघायला लोक वर्तमानपत्र चिकटवतात. कोकणात त्याची गरज नाही, गिलावा न केलेली जांभ्या चिऱ्यांची भिंत घराघराला आहे. चिऱ्याची भोकं म्हणजे बारीक तपशिलाची खाणच, आणि सिमेंटचे आडवे सांधे कॅमेरा तिरका आहे का ते लगेच सांगतात. आमच्या मागच्या पडवीची भिंत सकाळी नऊपर्यंत सावलीत असते. मी त्या वेळात उरकतो. कडक उन्हात १.४ वर १/८००० सुद्धा अपुरं पडतं, शिवाय सावल्या सरकत राहतात.

ट्रायपॉड भिंतीपासून अडीच मीटरवर. चौकटीत चिऱ्यांचे पाच-सहा थर येतात. हेलिऑस ५८ ची आहे, तिच्यासाठी २.९ मीटरवर सरका म्हणजे चौकट तेवढीच राहील. कॅमेरा भिंतीला समांतर नसेल तर एक कोपरा उगाच मऊ दिसतो आणि दोष लेन्सवर जातो. त्यासाठी दाढीचा आरसा भिंतीला चपटा टेकवून धरायचा, चौकटीच्या बरोबर मध्ये. लेन्समधून बघताना लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब मधोमध दिसलं की कॅमेरा सरळ. चिरा खडबडीत असल्यामुळे आरसा डुगडुगतो, म्हणून मी त्याच्यामागे आधी एक सपाट फळी धरतो.

आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) उन्हाचा आणि पक्का, रॉ म्हणजे कच्ची फाइल, दोन सेकंदांचा टायमर. फोटोच्या माहितीत अ‍ॅपर्चरची नोंद होत नाही, म्हणून मुलाची पाटी भिंतीला टेकवून तिच्यावर खडूने ‘टाकु २.८’ असं लिहायचं. पहिल्यांदा मी पाटीशिवाय काढले आणि घरात आल्यावर ७० फोटोंपुढे कपाळाला हात लावून बसलो.

फोकस करताना पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधला भाग दाखवायला कॅमेरा काढतो त्या, रंगीत कडांवर विसंबू नका. १.४ वर त्या अंदाजपंचे असतात. चित्र मोठं करून चिऱ्याच्या एका भोकावर फोकस घ्या. प्रत्येक आकड्याला नव्याने फोकस करून तीन फोटो काढा आणि त्यातला उत्तम तेवढा धरा. नव्याने का? उघड्या लेन्सचं आणि मिटलेल्या लेन्सचं फोकस थोडं सरकतं. मग कोपऱ्यावर फोकस घेऊन आणखी एक संच काढा. मध्यावर फोकस असताना कोपरा मऊ आणि कोपऱ्यावर घेतल्यावर चांगला, असं असेल तर लेन्स वाईट नाही, तिचं फोकसचं प्रतल वक्र आहे. भिंतीवर ते खटकतं, माणसांच्या फोटोत कुणाला कळतही नाही.

संगणकावर बघताना आधी सगळ्यांचा उजेड सारखा करून घ्या. जरा उजळ फोटो डोळ्याला जास्त शार्प वाटतो. आणि तुलना सारख्या आकड्यावर करा. १.४ उघडी आणि २ उघडी ह्यांची तुलना म्हणजे बैल आणि रेडा एका जोताला जुंपणं.

माझ्या नगांपुरतं सांगतो. १.४ वर टाकुमार आणि स्वच्छ कॅनन दोघींत तपशील आहे, पण त्यावर एक हलकी झळाळी पसरते. २ वर ती ओसरते. २.८ वर पेंटॅक्स मध्यभागी कुणाला ऐकत नाही, आणि ५.६ वर चौघींचे फोटो पाटीशिवाय ओळखून दाखवा, मी चहा पाजेन. सगळ्यांत मोठा फरक दिसला तो एकाच मॉडेलच्या दोन कॅननमध्ये. धुरकटीचा फोटो ५.६ वरसुद्धा इतरांपुढे धुतलेल्या लुगड्यासारखा फिका. नाव तेच, आकडा तोच. तेव्हापासून कुणी विचारलं, ‘१.४ घेऊ की १.७?’, तर मी विचारतो, टॉर्च मारलास का? दोन्हींत फरक जेमतेम अर्ध्या स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि हेझ तो केव्हाच खाऊन टाकते.

भिंतीनंतर सुपारीची बाग. सकाळच्या उन्हात झावळ्यांमधून कवडसे पडतात, ते फोकसबाहेर गेले की गोळे होतात. दीड-दोन मीटरवर जास्वंदीचं फूल, मागे आठ-दहा मीटरवर पोफळी. हेलिऑस इथे राणी आहे. झाईसच्या बायोटार ५८ एफ २ वरून रशियनांनी ती उचलली, आणि तिच्यात मागची पानं फुलाभोवती भोवऱ्यासारखी फिरतात. कडेचे गोळे नळीच्या काठाने कापले जाऊन मांजरीच्या डोळ्यासारखे होतात, त्याचा हा परिणाम. एपीएस-सी, म्हणजे लहान, सेन्सर असेल तर कडाच कापल्या जातात आणि भोवरा निम्मा पळतो, म्हणून त्यासाठी हेलिऑस घेताना विचार करा. मिटवत गेलात की पेंटॅक्सचे गोळे षटकोनी होतात, पाती सहाच आहेत. हेलिऑसला आठ.

संध्याकाळी किनाऱ्यावर जा. आपल्याकडे सूर्य रोज समोरच बुडतो, फ्लेअरची, म्हणजे समोरच्या उजेडाने फोटो फिका पडण्याची, परीक्षा फुकट. सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून एखाद्या माणसाचा चेहरा घ्या. पेंटॅक्सवर एसएमसीचं अनेक थरांचं कोटिंग आहे, ती काळा रंग काळा ठेवते. हेलिऑस चेहऱ्यावर पडदा ओढते. हाताची सावली पुढच्या काचेवर धरली की निम्मं काम होतं. सकाळी हवा स्वच्छ असताना समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्सच्या खडकांवर इन्फिनिटी, म्हणजे अगदी लांबचं फोकसही तपासा. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात, त्यामुळे रिंग शेवटच्या टोकाला नेली की खडक मऊ होतात. थोडं मागे यायचं, बस्स.

टाकुमारची वेगळी गोष्ट. सात काचांच्या ह्या आवृत्तीत मागच्या काचेत थोरियम आहे. त्याने काच वर्षानुवर्षं पिवळी पडते आणि फोटोही चहा सांडल्यासारखे येतात. वापरताना ती घातक नाही, पण काच खरवडू नका आणि उशाला घेऊन झोपू नका. अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो. मी एप्रिलमध्ये पंधरवडाभर सकाळी आठ ते दहा ती खळ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या कागदावर ठेवली, मागची काच वर करून, आमसुलांच्या शेजारी. आईने येऊन विचारलं, ‘ह्यां काय सुकत घातलंस?’ दुपारच्या उन्हात ठेवू नका, आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येतं. आणि सोडून जाऊ नका, लेन्स ती लेन्सच, खालचं गवत पेटवील. पिवळेपणा पूर्ण गेला नाही, पण आधी शटर इतरांपेक्षा अर्ध्या स्टॉपने मंद लागायचं, ते जवळजवळ बरोबरीला आलं.

पावसाळ्यात बाबांचाच डबा. चामड्याच्या केस घरात नकोतच, फंगस तिथे आधी येतो. रबरी झाकणाचा डबा, सिलिका जेल, आत दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यावर भाजून परत निळं करायचं, पण तो तवा भाकरीला वापरायचा नाही. तांदूळ घालू नका, पीठ उडतं.

शेवटची परीक्षा दशावताराची. जत्रेच्या रात्री देवळासमोर हॅलोजनचे दोन दिवे, पायपेटी, पखवाज, झांज, आणि रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच डोंगर. आयएसओ ३२००, शटर १/१२५. तीन मीटरवर १.४ ला साधारण ३० सेंटीमीटर खोलीच फोकसमध्ये राहते, २ ला ४३. धावत्या राक्षसामागे रिंग फिरवत बसलात तर पहाटेपर्यंत एकही फोटो लागणार नाही. मी टाकुमार २ वर ठेवतो आणि नाटक सुरू व्हायच्या आधी बाकड्याच्या पुढच्या कडेवर फोकस घेऊन रिंगेवर चिकटपट्टीचा तुकडा लावतो. मग पेटीवाल्याच्या बाजूला मांडी घालून बसतो. राजा बोलत बोलत फिरतो, भांडतो, प्रधानाला झापतो, पण दमला की बाकड्यावरच येऊन बसतो.